स्प्रेचा रंग, काळा दगड आणि विटांवर उरलेली सावली : एका सफाई सेवेचे परीक्षण

यंदाच्या जानेवारीत एका सकाळी दूध घ्यायला खाली उतरलेल्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मला हाक मारली आणि आमच्या सोसायटीच्या दर्शनी भिंतीकडे बोट दाखवले. काळ्या घडीव दगडाच्या कुंपणावर, त्यामागच्या गिलाव्याच्या भिंतीवर, जिन्याशेजारच्या उघड्या वीटकामावर आणि तळमजल्यावरील दुकानाच्या शटरवर कोणीतरी रात्रीतून चंदेरी, लाल आणि काळ्या स्प्रेने एकच टोपणनाव सात वेळा रंगवून ठेवले होते. प्रवेशद्वारातील संगमरवरी पाटीवरही जाड मार्करची एक लफ्फेदार सही होती. पुण्याच्या डेक्कन परिसरातील आमची ही इमारत 1958 सालची, बारा बिऱ्हाडांची आहे. पेस्ट कंट्रोल, शिकवण्या आणि सामान हलवून देणारे यांचे स्टेन्सिलने छापलेले फोन नंबर कुंपणावर आधीपासूनच होते, पण ते इतक्या वर्षांत आमच्या नजरेला सरावले होते. या सात चंदेरी नावांनी मात्र सर्वांची झोप उडवली, आणि सचिव या नात्याने ती साफ करून घेण्याचे काम माझ्याकडे आले.

ज्या संस्थेकडून आम्ही हे काम करून घेतले तिचे नाव मी येथे देत नाही, कारण कामात त्यांच्याकडून एक चूक झाली आणि ती त्यांनी पुढे निस्तरलीही. शिवाय अशा सेवेची पारख कशी करावी हे सांगण्यासाठी नावाची गरज नाही. माझे मत आधीच सांगून ठेवतो. दगडावरील कामासाठी मी त्यांना पुन्हा बोलावीन, विटांसाठी अपेक्षा कमी ठेवून बोलावीन आणि गिलाव्यासाठी मुळीच बोलावणार नाही.

त्यांना बोलावण्यापूर्वी आम्हीही एक चूक केली होती. आमच्या पहारेकऱ्याने, माझ्याच संमतीने, हार्डवेअरच्या दुकानातून थिनरची बाटली आणली आणि जुन्या बनियनचा बोळा करून कुंपणावरचे पहिले अक्षर पुसायला घेतले. दोन मिनिटांत अक्षर गेले, आणि त्याच्या जागी हातभर रुंदीचा करडा, चकाकणारा डाग पसरला. चंदेरी रंगात अल्युमिनियमचे अतिशय बारीक पापुद्रे असतात. थिनरने त्यांना धरून ठेवणारे रेझिन विरघळते, पण हे पापुद्रे विरघळत नाहीत, ते पातळ झालेल्या रंगाबरोबर दगडाच्या खळग्यांत आणि बारीक छिद्रांत वाहत जाऊन बसतात. लाल रंगाचे तर याहून वाईट झाले. त्याची गुलाबी छटा दरजांमधल्या, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधल्या, चुन्यात झिरपली, आणि ती तेथे आजही आहे. स्प्रेचा रंग पृष्ठभागावर असतो तोवर तो एक पापुद्रा असतो, पातळ करून चोळला की तो डाग होतो, एवढे त्या दिवशी आम्हाला कळले. बाटली ऐंशी रुपयांची होती, तिने केलेले नुकसान काढायला पुढे एक अख्खी दुपार गेली.

त्यानंतर तिघांना बोलावून अंदाजपत्रके घेतली. नेहमीच्या रंगाऱ्याने सगळ्यावर, म्हणजे काळ्या दगडावरसुद्धा, एक्स्टिरिअर इमल्शनचे दोन हात मारून देतो म्हणून सांगितले, आणि वर दगडाला दगडासारखाच काळा रंग देण्याची तयारी दाखवली. दुसरा ठेकेदार वाळूचा मारा करणारा होता. त्याची यंत्रसामग्री लोखंडी कामासाठी उत्तम असेल, परंतु घडीव दगडावर त्या मारामुळे टाकीचे घाव, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीने उमटलेल्या त्या समांतर बारीक रेघा, बुजतात, आणि विटेचा भट्टीत भाजून कठीण झालेला वरचा थर निघून जाऊन आतला मऊ भाग उघडा पडतो. अशी वीट पुढच्या पावसाळ्यात स्पंजासारखे पाणी पिते. मी त्याला हे विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पण रंग एक ठिपका राहणार नाही." त्याचे म्हणणे खरेच होते, फक्त रंगाबरोबर भिंतही थोडी जाणार होती.

तिसरी ही संस्था. त्यांचे दोघे जण आले, आणि दर सांगण्याच्या आधी त्यांनी नमुना करू देण्याची परवानगी मागितली. याच एका गोष्टीमुळे मी त्यांची निवड केली. त्यातला वयस्क मिस्त्री पिशवीतून काड्यांना गुंडाळलेला कापूस, चार लहान बाटल्या आणि एक भिंग घेऊन कुंपणाशी उकिडवा बसला. भिंतीच्या अगदी कोपऱ्यातल्या, झाडाआडच्या चिऱ्यावर त्याने प्रत्येक बाटलीतल्या द्रवाचा एकेक ठिपका लावला, घड्याळ पाहिले आणि कापूस न चोळता नुसता टेकवून उचलला. पहिल्या कापसावर काही आले नाही, दुसऱ्यावर लाल आले पण चंदेरी आले नाही, तिसऱ्यावर दोन्ही आले. मग तसाच नमुना त्याने विटेवर, गिलाव्यावर आणि शटरवर वेगवेगळा केला. मी घाईने विचारले, की एकदा कोणते औषध चालते ते कळले आहे, तर सगळीकडे तेच का लावत नाही. त्यावर तो हसला. "काका, रंग सगळीकडे एकच आहे, पण खालचं अंग निराळं आहे. आज फक्त नमुना. उद्या वाळल्यावर बघू आणि मग बोलू." दुसऱ्या दिवशी तो खरोखरच आला, आणि वाळलेला नमुना पाहून विटेचा दर त्याने वाढवला. नमुन्याचे दीड हजार रुपये घेतले गेले, ते पुढे बिलातून वजा झाले.

दर असे ठरले. दगडासाठी चौरस फुटाला 95 रुपये, गिलाव्यासाठी 55, वीटकामासाठी 140, आणि शटर व संगमरवरी पाटी मिळून उक्ते 2,000 रुपये. आमच्याकडे दगडाचे 180 चौरस फूट, गिलाव्याचे 110 आणि विटांचे 40 चौरस फूट क्षेत्र भरले, म्हणजे एकूण 30,750 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 36,285 रुपये. मोजमाप त्यांनी प्रत्यक्ष अक्षरांचे न करता अक्षरांभोवतीच्या चौकटीचे केले. यावर आमच्या सभेत बरीच वादावादी झाली. माझ्या मते मात्र ते योग्य होते, कारण केवळ अक्षराएवढाच भाग धुतला तर साठ वर्षांच्या धुळीत तेच नाव स्वच्छ, फिकट अक्षरांत पुन्हा वाचता येते. मोबदल्याचा वाद अटीतटीला येऊ नये म्हणून ही चौकट कोठपर्यंत असेल ते खडूने भिंतीवर आखून, त्याचा फोटो काढून घ्यावा. आम्ही तसे केले.

फोटोवरून आठवले म्हणून सांगतो. काम सुरू करण्यापूर्वी सगळ्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवणे आवश्यक आहे. लोकांच्या नजरेस पडणाऱ्या कोणत्याही मालमत्तेचे शाई, खडू, रंग किंवा अन्य कशानेही विद्रूपण करणे हा महाराष्ट्रात 1995 च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. फोन नंबर छापणारे जाहिरातदारही यात येतात, आणि त्यांनी तर आपला पत्ता स्वतःच भिंतीवर लिहून ठेवलेला असतो. भिंत धुऊन झाल्यावर तक्रारीला आधार उरत नाही.

आता दगडाच्या कामाबद्दल. आमचे कुंपण पुण्यातल्या बहुतेक जुन्या बांधकामांप्रमाणे बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या दगडाचे आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा दगड घट्ट असतो आणि रंग फारसा शोषून घेत नाही, त्यामुळे सफाईच्या दृष्टीने तो सोयीचा. अडचण त्याच्या खडबडीतपणाची आणि दरजांची आहे. मिस्त्रीने प्रथम कुंपणाच्या पायथ्याशी गोणपाट अंथरून त्यावर लाकडाच्या भुशाचा वीतभर उंच बांध घातला, म्हणजे वाहून येणारा रंग रस्त्यालगतच्या पावसाळी गटारात जाऊ नये. मग जाडसर, दह्यासारखे जेल ब्रशने अक्षरांवर थापले आणि त्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटवला. कागदाचा उपयोग जेल वाळू न देण्याचा, कारण वाळलेले जेल काही काम करत नाही. पाऊण तास कोणीही भिंतीला हात लावला नाही. मी मात्र तेथेच खुर्ची टाकून बसलो होतो, त्यामुळे पाहता आले. साधारण पंचवीस मिनिटांनी कागदाखाली लाल रंगाला सुरकुत्या पडू लागल्या, दुधावरची साय काठाकडून आकसते तशा, आणि चाळीस मिनिटांपर्यंत चंदेरी अक्षराच्या कडा दगडापासून उचलल्या गेल्या. मग कागद काढून त्याने प्लॅस्टिकच्या पट्टीने तो सगळा लगदा खालून वर असा खरवडून डब्यात घेतला. वरून खाली ओढले असते तर रंग खालच्या स्वच्छ दगडावर उतरला असता. उरलेल्यासाठी नायलॉनचा ब्रश वापरला. तारेचा ब्रश त्याच्या सामानात होता, पण तो फक्त शटरच्या खालच्या गंजलेल्या पट्टीसाठी. दगडावर तारेचे कण अडकले की पावसात त्यांचे तांबडे डाग उमटतात, हे त्याने न विचारता सांगितले.

शेवटी गरम पाण्याचा पंप आला. पाणी 80 अंशांच्या आसपास आणि दाब मीटरवर 60 बारच्या आत, नोझल पंख्यासारख्या फवाऱ्याचे आणि भिंतीपासून हातभर लांब. दरजा जुन्या चुन्याच्या असल्यामुळे त्या जागी तो फवारा आडवा धरत होता. त्याच्या हाताखालचा मुलगा एकदा नोझल जवळ नेऊ लागला तेव्हा मिस्त्रीने पंपच बंद केला आणि दरजेतून सुटलेली चुन्याची चिमूट त्याच्या तळहातावर ठेवली. बोलला काहीच नाही. तीन दिवसांपैकी दीड दिवस दगडाला लागला. सात नावांपैकी दगडावर असलेल्या चार नावांचा आज मागमूसही नाही. टाकीच्या रेघा जशाच्या तशा आहेत. जुने फोन नंबरही त्याच चौकटीत निघून गेले, ते कमाईत. फक्त जेथे आम्ही थिनर चोळला होता तेथे दरजांतली ती गुलाबी छटा उरली आहे, आणि दोन चिऱ्यांवर, उन्हाचा कोन तिरपा असताना, अजून एक करडी चकाकी दिसते. या चकाकीवर जेलचे तीन हात देऊन झाले, मग मिस्त्रीने हात टेकले आणि याहून पुढे गेलो तर दगड खराब होईल असे स्पष्टपणे सांगितले. योग्य जागी थांबणारा कारागीर मला नेहमीच आवडतो.

जेल कोणते होते याची चौकशी मी केली होती, आणि ती प्रत्येकाने करावी असा माझा आग्रह आहे. रंग उतरवण्याच्या जुन्या पद्धतीच्या अनेक औषधांत डायक्लोरोमिथेन असते. ते झपाट्याने काम करते, पण त्याची वाफ बंदिस्त जागेत जीवघेणी ठरते, शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेत ग्राहकांसाठीच्या रंग उतरवणाऱ्या औषधांत त्याच्या वापरावर 2019 मध्ये बंदी आली आणि 2024 मध्ये ती आणखी व्यापक झाली. आमच्या संस्थेचे जेल बेन्झाइल अल्कोहोलचे होते, त्याचे सुरक्षेचे माहितीपत्रक त्यांनी मागितल्याबरोबर दाखवले. ते सावकाश काम करते, पाऊण तास त्यामुळेच लागतो. वास अगदी नाही असे नाही, कडू बदामासारखा एक गोडसर दर्प दिवसभर जिन्यात होता, म्हणून दम्याचा त्रास असलेल्या काकूंना त्या तीन दिवसांसाठी मागच्या खोलीत बसावे लागले. याची सूचना आदल्या दिवशी लिहून लावण्याचे काम संस्थेचे होते, ते त्यांनी केले नाही, मला करावे लागले.

विटांच्या बाबतीत संस्थेने आधीच हात वर केले होते, आणि तो प्रामाणिकपणा मी त्यांच्या बाजूने धरतो. वीट सच्छिद्र, त्यात काळा रंग अगदी तोंडाशी धरून मारलेला, म्हणजे खोलवर गेलेला. येथे जेलनंतर त्यांनी लेप लावला. चिनी माती आणि कागदाचा लगदा द्रावकात कालवून, पोळीच्या कणकेइतका घट्ट करून, बोटभर जाडीचा थर विटांवर दाबून बसवायचा आणि तो हळूहळू वाळू द्यायचा. वाळताना ओलावा आतून बाहेर लेपाकडे ओढला जातो आणि त्याच्याबरोबर रंगही बाहेर येतो. चेहऱ्याला मुलतानी माती लावण्यामागचे तत्त्व यापेक्षा फार निराळे नाही, आणि आमच्या शेजारणींनी ते मिस्त्रीच्या आधी मला समजावून सांगितले. पहिला लेप सुकून भेगाळला आणि खपलीसारखा सुटून आला तेव्हा त्याची आतली बाजू राखाडी झालेली होती, दुसऱ्याची फिकट राखाडी, तिसऱ्याची जवळपास पांढरी. म्हणजे निघण्यासारखे होते ते निघाले. तरीही जिन्याशी उभे राहिले की विटांवर त्या नावाची धूसर सावली दिसते, वाचता येत नाही पण आहे हे कळते. पावसाळ्यात विटा भिजल्या की ती नाहीशी होते आणि वाळल्या की परत येते. चाळीस चौरस फुटांना 5,600 रुपये देऊन एवढेच हाती लागले, तरी मला ते महाग वाटले नाही, कारण नमुन्याच्या वेळी हेच सांगितले गेले होते.

गिलाव्याबद्दल माझी तक्रार आहे. गिलाव्याच्या भिंतीला आधीच एक्स्टिरिअर इमल्शन दिलेले होते. जेलला खालचा इमल्शनचा थर आणि वरचा स्प्रेचा थर यांत फरक करता येत नाही, ते दोन्ही उचलते. परिणाम असा झाला की नाव गेले आणि त्याच्या जागी पुट्टी व प्रायमर उघडे पडलेले पांढरट ठिगळ राहिले, म्हणून रंगाऱ्याला बोलवावेच लागले. त्याने डाग अडवणाऱ्या द्रावकयुक्त प्रायमरचा एक हात देऊन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा पूर्ण पट्टा रंगवला, त्याचे 9,000 रुपये वेगळे. हेच जर पहिल्या दिवशी केले असते, तर संस्थेला गिलाव्यासाठी दिलेले 6,050 रुपये आणि त्यावरचा कर वाचला असता. जे लोक विटेबाबत इतके स्पष्ट बोलले, त्यांना गिलाव्याबाबत हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. रंगवलेल्या भिंतीवरचा स्प्रे काढायचा नसतो, झाकायचा असतो, फक्त झाकताना मधला प्रायमर चुकवायचा नाही. तो चुकवला तर लाल रंग आणि विशेषतः मार्करची शाई पाण्यातल्या इमल्शनमधून महिन्याभरात पुन्हा वर येते. आणि ठिगळापुरताच रंग लावायचा नाही, कारण जुन्या उन्हे खाल्लेल्या रंगाशी नवा डबा कधीही जुळत नाही, दुकानदार शेड क्रमांक कितीही छातीठोकपणे सांगो.

शटरचे काम तासाभरात झाले, त्यात सांगण्यासारखे काही नाही. संगमरवरी पाटीवरची मार्करची शाई लेपाने दोनदा ओढून काढली, तीही व्यवस्थित निघाली.

चूक झाली ती याच पाटीच्या पायाशी. प्रवेशद्वारात शहाबादी फरशी आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आवराआवर करताना फरशीवर लाल रंगाचे चार थेंब सांडलेले दिसले, आणि हाताखालच्या मुलाने कोणालाही न विचारता संडास साफ करण्याच्या ॲसिडची बाटली आणून त्यावर ओतली. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडताच तो सोड्यासारखा फसफसला, मुलाला वाटले रंग सुटतो आहे, प्रत्यक्षात फरशी विरघळत होती. मिस्त्रीने धावत येऊन बादलीभर पाणी ओतले तोवर ताटलीएवढा भाग पांढरा, खरखरीत आणि बोटाला जाणवेल इतका खोल झाला होता. त्यावरचे लाल थेंब मात्र जवळपास तसेच होते, कारण स्प्रेच्या रंगावर ॲसिडचा काही परिणाम होत नाही. तीच बाटली अर्ध्या तासापूर्वी पाटीवर उलटी झाली असती तर सोसायटीच्या संस्थापकांच्या नावांसह संगमरवराचा चेहरा गेला असता, कारण संगमरवरही चुनखडीचेच भावंड. ज्या संस्थेचा मुख्य कारागीर कापसाच्या काडीने नमुने करतो, तिच्या सामानात ॲसिडची बाटली असावी आणि ती नवख्याच्या हाती लागावी, हे मला पटले नाही. मी मालकांना फोन केला. त्यांनी बाटली मुलाने बाहेरून आणली असे सांगितले, तरी जबाबदारी झटकली नाही, आणि फरशी बदलून देण्याचे लेखी कबूल केले.

दुसरी उणीव कचऱ्याची. रंग आणि द्रावक शोषलेला भुसा, लेपाचे तुकडे आणि लगद्याचे दोन डबे त्यांनी आपल्या टेम्पोतून नेले, म्हणजे आमच्या ओल्यासुक्या कचऱ्यात टाकले नाहीत, हे चांगलेच केले. पण तो कोठे जातो, हे विचारल्यावर मिळालेले उत्तर गुळमुळीत होते आणि पावती मिळाली नाही. पुढच्या वेळी मी ही अट कामाच्या पत्रातच घालीन.

काम संपल्यावर त्यांचा विक्री प्रतिनिधी आला. पुन्हा कोणी रंग फासला तर नुसत्या ओल्या फडक्याने पुसता येईल असे पॉलियुरेथेनचे कायमस्वरूपी लेपन संपूर्ण कुंपणाला करून घ्या, असा त्याचा आग्रह होता. असे लेपन गुळगुळीत ग्रॅनाइटला, धातूला किंवा नव्या काँक्रीटला ठीक आहे. आमच्या कुंपणाला एका बाजूने बागेची माती टेकलेली आहे, ती वर्षाचे आठ महिने ओली असते आणि तो ओलावा दरजांमधून रस्त्याच्या बाजूला येऊन उडून जातो. त्याची ही वाट बंद केली की पाणी आतच साचते, त्यातले क्षार लेपनाखाली जमून लोणा फुगतो आणि दरजांचा चुना भुकटी होऊन पापुद्र्यासकट गळून पडतो. मी हे सांगितल्यावर प्रतिनिधीने लेपन श्वास घेणारे आहे असे उत्तर दिले, पण बाष्प जाऊ देण्याचा आकडा माहितीपत्रकात कोठे आहे ते त्याला दाखवता आले नाही. त्याच माहितीपत्रकात लेझरने सफाई करत असल्याचे छापले होते, ते यंत्र त्यांच्याकडे नाही हेही चौकशीत निघाले. किल्ल्यांवरची नावे काढण्याचा अनुभव असल्याचाही दावा त्यात होता. संरक्षित स्मारकाला असे परस्पर कोणी हात लावायचा नसतो, पुरातत्त्व खात्याची त्यासाठी स्वतःची विज्ञान शाखा आहे, आणि स्मारकाची हानी केली तर केंद्रीय कायद्यात 2010 च्या दुरुस्तीनंतर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तेव्हा कोणत्या किल्ल्यावर आणि कोणाच्या परवानगीने, असे विचारल्यावर तो विषय तेथेच संपला. मिस्त्री जितका मोजून बोलणारा, तितकाच हा माणूस सैल बोलणारा होता. एकाच संस्थेत दोघे कसे नांदतात हे त्यांनाच ठाऊक.

त्याऐवजी आम्ही मेणाचे तात्पुरते लेपन घेतले, तेही फक्त फाटकालगतच्या 12 फूट लांब आणि 6 फूट उंच भागाला, जेथे दोनदा नाव लिहिले गेले होते. चौरस फुटाला 40 रुपयांप्रमाणे 2,880 रुपये आणि वर कर. हे लेपन स्वतःचा बळी देते. त्यावर रंग मारला गेला तर गरम पाण्याने मेणासकट रंग धुऊन काढायचा आणि पुन्हा नवा हात द्यायचा. दगड किंचित अधिक काळा दिसतो, पाऊस पडल्यासारखा, एवढाच फरक. जिन्याच्या कोपऱ्यांत थुंकू नये म्हणून देवांच्या चित्रांच्या टाइल्स बसवण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि आमच्या सभेत कुंपणालाही तशाच टाइल्स बसवाव्यात असा ठराव आला होता. तो एका मताने पडला. मेणाचे कारण सांगून पाडला, असे अजूनही काही सभासद मला ऐकवतात.

जुलैत कोणीतरी फाटकाजवळ निळ्या स्प्रेने दोन रेघा ओढल्या, बहुधा पावसामुळे पुढचे अर्धवट सोडले. मिस्त्रीला फोन केला, तो तिसऱ्या दिवशी एकटाच पंप घेऊन आला आणि वीस मिनिटांत रेघा गेल्या. मेणाच्या नव्या हातासाठी मात्र भिंत पूर्ण कोरडी लागते म्हणून त्याने पैसे न घेता ऑक्टोबरची वेळ दिली, आणि त्याप्रमाणे आला. त्याच फेरीत ॲसिडने खाल्लेली फरशी काढून नवी बसवली गेली. नवी फरशीही शहाबादीच आहे, मापाला बरोबर, बसवलीही समपातळीत. साठ वर्षे पावलांनी गुळगुळीत केलेल्या आजूबाजूच्या फरश्यांत ती एकटीच फिकट निळी दिसते, आणि फाटकातून येणारा पाहुणा हमखास तिच्यावरून एक पाऊल टाळून जातो.